मिरजेचे डॉक्टर वानलेस

आपल्या स्मरणिकेत एखादे चरित्र असावे, ही रीत चांगलीच आहे. संत, राण्या आणि देशभक्त यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो आणि मुलाबाळांना सांगतो. यंदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी मुद्दाम एका डॉक्टरांची निवड केली. त्यांचे नाव डॉ. विल्यम जेम्स वानलेस. ते जन्माने कॅनडाचे, धर्माने ख्रिस्ती, आणि त्यांची कर्मभूमी मिरज. आपल्या माजरीपासून मिरज फार लांब. महाराष्ट्राच्या एका टोकाला आपण, तर दुसऱ्या टोकाला ते गाव. तरीही कोळशाच्या खाणी आणि रेल्वेचे जंक्शन यांच्या आधाराने वाढलेल्या आपल्या गावाने हे चरित्र वाचावे असे मला फार वाटले. त्याचे कारण वाचकांना पुढे कळेलच.

वानलेस यांचे नाव काढले की लोक त्यांच्या शस्त्रक्रियांची वाखाणणी करतात. ती खरीच आहे. परंतु त्यांचे चरित्र वाचताना माझ्या मनात निराळीच गोष्ट ठसली. या माणसाने जितके रोगी बरे केले, त्याहून मोठे काम त्याने रोग्यांची सेवा करणारी माणसे तयार करून केले. मोठा वैद्य पुष्कळ गावांना लाभतो. तो गेला की त्याचा हातगुणही त्याच्याबरोबर जातो. वानलेस गेले, परंतु त्यांनी शिकवलेले हात मागे राहिले.

ही कथा नीट समजावी म्हणून थोडे मागे जावे लागेल, आणि गंमत अशी की, अमेरिकेतल्या गोष्टीसाठी आधी कोल्हापुरास जावे लागेल. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरास आले आणि त्यांनी तेथे मिशनचे काम उभारले. त्यांचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच १८६३ साली जन्मला. प्रकृतीच्या कारणाने हे कुटुंब पुढे अमेरिकेत परतले. रॉबर्ट तेथे प्रिन्स्टनच्या कॉलेजात शिकू लागला. त्याची थोरली बहीण ग्रेस हीही शिकलेली आणि धर्मनिष्ठ होती. बालपण हिंदुस्थानात गेलेल्या या भावंडांना येथील गरज ठाऊक होती. आपल्या देशातील विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेसाठी पुढे यावे, म्हणून ही दोघे घरी नित्य प्रार्थना करीत.

१८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स प्रांतातील माउंट हर्मन येथे कॉलेजातील अडीचशे विद्यार्थ्यांचे एक संमेलन भरले. ते जवळजवळ महिनाभर चालले. संमेलन संपले तेव्हा त्यांतील १०० तरुणांनी आपले आयुष्य परदेशातील सेवेला देण्याचे ठरवले होते. या कामी रॉबर्टचा पुढाकार होता. त्यानंतर तो आणि त्याचा मित्र जॉन फोरमन अमेरिका व कॅनडातील कॉलेजे पालथी घालीत वर्षभर हिंडले, आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे दिली. १८८८ साली या चळवळीची रीतसर संघटना झाली. पुढील काही दशकांत तिच्यातून सुमारे २०,००० माणसे निरनिराळ्या देशांत गेली. त्यांत धर्मोपदेशक होते, शिक्षक होते, आणि डॉक्टर व परिचारिकाही पुष्कळ होत्या. ग्रेस मात्र नुसती प्रार्थना करून थांबली नाही. वडील १८८७ साली वारले, तेव्हा आईला घेऊन ती पुन्हा कोल्हापूरच्या मुलखात आली आणि खेड्यांतील बायांमध्ये काम करू लागली. चळवळीच्या इतिहासात भावाचे नाव मोठ्या अक्षरांत आहे. बहिणीचे नाव शोधावे लागते. भगिनींना हे निराळे सांगायला नको!

ही लाट कॉलेजांतून उसळत होती, त्याच काळात वानलेस न्यूयॉर्क येथे वैद्यकी शिकत होते. त्यांचा जन्म १८६५ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झाला. १८८९ साली त्यांनी डॉक्टरकीची पदवी घेतली आणि त्याच साली अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने ते हिंदुस्थानास निघाले. बरोबर पत्नी मेरी होत्या. त्या स्वतः परिचारिकेचे काम शिकलेल्या होत्या. वय अवघे चोविशीचे, हाती नवी पदवी. न्यूयॉर्कसारख्या शहरात दवाखाना थाटला असता, तर पैसा आणि मान दोन्ही मिळाले असते. त्याऐवजी दोघांनी बोटीचा रस्ता धरला.

त्यांनी प्रथम सांगलीस दवाखाना चालवला आणि लवकरच मिरजेस बस्तान बसवले. मिरज का निवडली, हे माजरीच्या माणसाला चटकन कळेल. पुण्याकडून बेळगावकडे जाणारी रेल्वे मिरजेवरून गेली होती, आणि १८९१ साली तेथून कोल्हापूरचा फाटा सुरू झाला. मिरज जंक्शन झाले. ज्या गावी गाड्या बदलतात, त्या गावी चहूकडची माणसे येतात. आपल्याकडे नागपूर-बल्लारशाच्या मोठ्या मार्गावर वणीकडचा फाटा फुटतो, म्हणून आपले गाव नकाशावर आले. तसेच ते. आजारी माणसाला बैलगाडीतून चार दिवस हेलपाटे देण्यापेक्षा रेल्वेने एका रात्रीत आणता येते, हे वानलेस यांनी ओळखले.

मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली. इमारतीसाठी मोठी देणगी फिलाडेल्फियाचे जॉन कॉन्व्हर्स यांनी दिली. हे गृहस्थ रेल्वेची इंजिने बनवणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे भागीदार होते. इंजिनाच्या कमाईतून जंक्शनच्या गावी इस्पितळ उभे राहिले, हा योग मोठा मौजेचा आहे. १८९४ साली इस्पितळ सुरू झाले.

त्या वेळी आपल्याकडे शस्त्रक्रिया म्हटली की लोकांच्या अंगावर काटा येई. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत होती. तिच्या जोडीला सोवळ्याओवळ्याचा प्रश्न. परधर्मी डॉक्टरच्या हातचे औषध घ्यावे की नाही, परजातीच्या रोग्याशेजारी खाट घालावी की नाही, अशा शंका घराघरांत होत्या. त्या व्याख्यानांनी गेल्या नाहीत. त्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी गेल्या. वर्षानुवर्षे काठी टेकीत चाललेला म्हातारा डोळसपणे आपल्या पायांनी गावात परतला, की सगळा गाव विचार करू लागे. वानलेस यांचा हात शस्त्रक्रियेत विलक्षण होता. पोटातील गाठी असोत, मूतखडे असोत की डोळे असोत, दूरदूरच्या मुलखांतून रोगी मिरजेस येऊ लागले. राजेरजवाडे आले, तसेच फाटकी घोंगडी पांघरलेले शेतकरीही आले.

येथेच खरी अडचण उभी राहिली. रोगी शेकडो, आणि डॉक्टर एक. एका माणसाने दिवसाचे सोळा तास राबले, तरी त्याचे हात दोनच. शिवाय मिरजेत ही स्थिती, तर जेथे डॉक्टरच नाही तेथील गावांची काय दशा असेल? परदेशातून आणखी डॉक्टर मागवावेत, हा एक उपाय. वानलेस यांनी तो केला. वैद्यकीय सेवेची हाक आपल्या देशातील तरुण डॉक्टरांपर्यंत पोहोचावी, म्हणून त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिले. परंतु समुद्रापलीकडून किती माणसे येणार? आलेल्या माणसाला आधी भाषा शिकायची, मग हवा सोसायची. हा देश खऱ्या अर्थाने निरोगी करायचा, तर या देशातीलच मुलांमुलींना हे काम शिकवले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. आणि इस्पितळ सुरू होऊन पुरती तीन वर्षे होतात न होतात, तोच १८९७ साली मिरजेस वैद्यकीय शाळा सुरू केली.

या शाळेत हिंदी ख्रिस्ती तरुण येत. त्यांना पाठवणारी मिशने निरनिराळी, प्रांत निरनिराळे, भाषाही निरनिराळ्या. वर्गात शिकायचे, आणि इस्पितळात डॉक्टरांच्या शेजारी उभे राहून प्रत्यक्ष काम करायचे. जखम कशी धुवावी, भूल कशी द्यावी, ताप कशाचा हे कसे ओळखावे, हे सारे रोग्याच्या खाटेपाशी शिकायचे. शिक्षण संपले, की यांतील बरेच जण आपापल्या प्रांतातील मिशन इस्पितळांत कामाला जात. अशा रीतीने मिरजेचा दिवा अनेक गावी लागला. एका परदेशी डॉक्टरच्या मागे अशी माणसे उभी राहिली, म्हणूनच मिशनची लहान लहान इस्पितळे आडवळणाच्या मुलखात तग धरू शकली.

शुश्रूषेचे शिक्षणही त्याच सुमारास मिरजेस सुरू झाले. या गोष्टीकडे आपण बायकांनी जरा थांबून पाहिले पाहिजे. त्या काळी परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, रक्त-पू पुसणे, रात्रपाळी करणे ही कामे कुलीन घरातील मुलीने करावीत, ही कल्पनाच कोणाला सहन होत नसे. पांढरपेशांनी नाक मुरडले, इतरांनी जातीची भीती घातली. तेव्हा हे काम अंगावर घेतले ते बहुतांशी ख्रिस्ती मुलींनी. त्यांतील कित्येक गरीब घरांतल्या होत्या. या देशातील परिचारिकांत पुढे अनेक दशके ख्रिस्ती मुलींचाच भरणा अधिक होता, याचे मूळ येथे आहे. आजही खाणीच्या दवाखान्यापासून मुंबईच्या मोठ्या इस्पितळापर्यंत केरळच्या परिचारिका दिसतात, आणि आखातापासून इंग्लंडपर्यंतही त्याच दिसतात. आपल्या आज्या-पणज्यांच्या बाळंतपणात ज्या हातांनी आधार दिला, त्या हातांना समाजाने त्या वेळी मान दिला नाही. हे ऋण आपण निदान आता तरी मान्य करावे.

मेरीबाई वानलेस यांना या कामाची वाढ फार काळ पाहता आली नाही. १९०६ साली त्यांचे निधन झाले. पुढे कोल्हापुरात त्यांच्या नावाचे इस्पितळ उभे राहिले, आणि त्या नावाने त्यांची आठवण टिकली.

आता एक प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला. हे सारे धर्मप्रसारासाठीच नव्हते काय? याचे उत्तर आडपडदा न ठेवता द्यावे, हे बरे. वानलेस धर्मप्रसारक मिशनचेच होते, आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. येशूची शिकवण सांगणे हा ते आपल्या कामाचाच भाग मानीत. ज्याला ते पटत नाही, त्याने ते घेऊ नये. परंतु रोग्याला औषध देताना त्यांनी त्याचा धर्म विचारला नाही, आणि मिरजेच्या हिंदू-मुसलमान लोकांनीही आपापला धर्म न सोडता त्यांच्यावर जीव लावला. माझे म्हणणे इतकेच की, माणसाची प्रेरणा त्याच्या देवापाशी असते, आणि तिची परीक्षा रोग्याच्या खाटेपाशी होते. त्या परीक्षेत हा माणूस उतरला.

ज्यांना घरचेही दूर लोटतात, अशा रोग्यांकडे त्यांचे विशेष लक्ष होते. १९०० साली मिरजेस कुष्ठरोग्यांसाठी निराळे इस्पितळ निघाले. तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. कडूकवठीचे तेल हाच काय तो आधार होता, आणि गुणकारी गोळ्या यायला आणखी चाळीस-पन्नास वर्षे जायची होती. म्हणजे बरे करण्याची आशा थोडी, आणि सेवा मात्र जन्मभराची. शेजारच्या वरोऱ्यास बाबा आमटे यांनी १९४९ साली आनंदवन सुरू केले, त्याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. त्याच्या अर्धशतक आधी मिरजेस हे काम सुरू झाले होते, हेही ध्यानात असावे.

१९२० साली सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू झाले. क्षयावरही त्या काळी औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न आणि घरातील इतरांपासून अंतर, एवढाच उपचार. धुळीच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला खोकल्याची भीती निराळी सांगायला नको. त्या वस्तीला लोक वानलेसवाडी म्हणू लागले, आणि ते नाव रूढ झाले.

एक इस्पितळ, एक शाळा, एक आरोग्यधाम एवढ्यावर त्यांची दृष्टी थांबली नाही. देशभर विखुरलेले मिशनचे डॉक्टर एकमेकांना ओळखतही नसत. कोणी पंजाबात, कोणी मद्रासेकडे, कोणी आपल्या मध्यप्रांतात, आणि जो तो एकाकी. १९०५ साली त्यांची एक संघटना स्थापन झाली. तिच्या उभारणीत वानलेस अग्रभागी होते, आणि पुढे त्यांनी तिचे अध्यक्षपदही पुष्कळ वर्षे सांभाळले. आरंभी ती मिशनरी डॉक्टरांची होती. १९२६ साली तिचे नाव ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया असे झाले. मिशनरी हा शब्द नावातून गेला, आणि हिंदी डॉक्टरांचे स्थान त्यात वाढत गेले. या संघटनेची कचेरी पुढे कित्येक वर्षे आपल्या नागपुरात होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

याच काळात इतरत्रही अशीच कामे उभी राहत होती. लुधियान्यास एडिथ ब्राऊन यांनी १८९४ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. वेल्लोरास आयडा स्कडर यांनी १९१८ साली तशीच शाळा सुरू केली, आणि १९४७ पासून तेथे पुरुष विद्यार्थीही घेऊ लागले. आज वेल्लोर आणि लुधियाना ही नावे देशभर आदराने घेतली जातात. त्या पंक्तीत मिरजेच्या शाळेचे पान पहिल्यांपैकी होते, हे विसरता कामा नये.

१९२८ साली सरकारने डॉक्टरांना सर हा किताब दिला. जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांनी त्याच साली निवृत्ती घेतली, आणि मिरजेचे काम डॉ. चार्ल्स वेल यांच्या हाती आले. सर विल्यम वानलेस यांचे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे, १९३३ साली देहावसान झाले. मिरजेत मात्र त्यांची खरी खूण पुतळ्याच्या रूपाने शोधू नये. मिरज ही पुढे डॉक्टरांची नगरी म्हणून नावारूपास आली. निरनिराळ्या जातिधर्मांच्या डॉक्टरांनी तेथे दवाखाने काढले, आणि १९६२ साली तेथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एका माणसाने पाया घातला, की त्यावर किती मजले चढतात ते पाहावे!

आता माजरीकडे वळते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी आरोग्यसेवेची मोठी माणसे पाहिली आहेत. हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरीचे काम चालू झाले. गडचिरोलीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सर्च ही संस्था स्थापन केली. तेथे खेड्यांतील कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घेणे शिकवले गेले. बाळ कसे पुसावे, ऊब कशी द्यावी, श्वास अडला तर काय करावे, न्यूमोनिया कसा ओळखावा, हे त्या आरोग्यदूत बाया शिकल्या, आणि त्या गावांतील बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली हे जगापुढे मांडले गेले, आणि इतर देशांनीही त्यातून धडा घेतला. धर्म निराळा, काळ निराळा. पण सूत्र तेच. डॉक्टर येण्याची वाट पाहत बसू नये. जे हात जवळ आहेत, ते शिकवावेत.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. वर्धापनदिनाच्या वर्गणीतून आपण दरवर्षी समारंभ करतो. तो अवश्य व्हावा. परंतु त्यातील काही भाग बाजूला काढून गावातील एका मुलीच्या परिचारिकेच्या शिक्षणास लावावा. मुलगी कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे पाहू नये. तिची गरज आणि हुशारी तेवढी पाहावी. काही घरांतून अजूनही ऐकू येते की, परिचारिकेची नोकरी म्हणजे रात्रपाळी, आणि रात्रपाळीची मुलगी लग्नाला अडते. असे म्हणणाऱ्या भगिनींना मी दोष देत नाही. आईची भीती मला कळते. परंतु आपल्यापैकी कोणी मध्यरात्री कळा सोसत पडली असेल, किंवा घरच्या माणसाला खाणीतून जखमी होऊन आणलेले पाहिले असेल, तर तिने एकच गोष्ट आठवावी. त्या रात्री खाटेपाशी जी जागत उभी होती, तीही कोणाची तरी मुलगीच होती. तिच्या आईनेही भीती गिळूनच तिला पाठवले होते.

परक्या मुलखातले एक जोडपे सात समुद्र ओलांडून आपल्या लोकांना हे काम शिकवायला आले. आपल्याला तर वेस ओलांडून एका मुलीला शिकायला पाठवायचे आहे. पुढच्या वर्धापनदिनाला त्या मुलीचे नाव या स्मरणिकेत छापलेले असावे, एवढीच इच्छा व्यक्त करून लेख पुरा करते.